परत द्यायची पिल्लं

“आणि तुझ्या टोपीत काय?”

“दोन आहेत, सिस्टर. साळुंक्या.” टोपीवाल्या मुलानं टोपी दोन्ही हातांनी, काठोकाठ भरलेल्या दुधाच्या पातेल्यासारखी धरली होती. “आम्ही वाचवल्या.”

सिस्टरनं आत डोकावून पाहिलं. दोन धडधाकट पिल्लं होती. चोची पिवळ्या, पिसं अंगभर आलेली, शेपटी तेवढी आखूड. त्यातल्या एकानं तिच्याकडे बघून चोच वासली आणि असा काही गळा काढला, की स्वयंपाकघरातून दादांचा आवाज आला, “अगं, आज उजाडल्या उजाडल्याच वॉर्ड भरला का?”

वॉर्ड भरलाच होता. दारात मुलांची रांग लागली होती. टोपीवाल्यामागे दोन जुळ्या बहिणी, एकच डबा चार हातांनी धरून. डब्यात बुलबुलाचं पिल्लू, झाकणाला खिळ्यानं पाडलेली भोकं. त्यांच्यामागे जाड चष्म्याचा एक मुलगा, छातीशी कापडी पिशवी. आणि सगळ्यांत शेवटी, भिंतीला टेकून, आपण रांगेत आहोत की नाही ते ठरवू न शकलेली एक बारीकशी मुलगी. तिच्या हातात बुटांचा खोका होता.

सिस्टरनं रांग पुन्हा एकदा मोजली.

तिला सिस्टर म्हणणं खरं तर केव्हाच बंद व्हायला हवं होतं. तिला निवृत्त होऊन पुष्कळ दिवस झाले होते. पण नवजात बाळांच्या वॉर्डात उभी हयात काढलेल्या बाईला दुसरं काय म्हणायचं, हे गल्लीला सुचलं नाही आणि तिलाही नाही. लग्न तिनं केलं नाही. का केलं नाही, हे विचारायचं धाडस दादांनी एकदा केलं होतं, आणि मग कानाला खडा लावला होता. दादा म्हणजे तिचा मोठा भाऊ, पेशानं शिंपी. वहिनी गेल्यावर ते आपलं शिलाईचं मशीन घेऊन बहिणीकडे राहायला आले. तळमजल्यावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत दादा आणि मशीन, मागच्या खोलीत पिल्लं. तारेत अडकलेली, मांजरानं धरलेली, गटारात पडलेली, कापलेल्या फांदीबरोबर खाली आलेली. सिस्टर स्वतः कुठे झोपते, असं कुणी विचारलं की दादा म्हणायचे, “ती झोपत नाही. ती ड्यूटीवर असते.”

मागच्या खोलीत वॉर्डाचेच नियम चालत. हात धुतल्याशिवाय आत यायचं नाही. आत बोलायचं नाही, गाणं तर मुळीच म्हणायचं नाही. दादांनी जुन्या लोकरीची शिवलेली घरटी आठवड्याला उकळायची. आणि सगळ्यांत कडक नियम म्हणजे नाव ठेवायचं नाही. खोका एक, खोका दोन, खोका तीन. “वॉर्डात तरी कुठे नावं होती?” सिस्टर म्हणायची. “नाव घरचे ठेवतील. आपलं काम ऊब द्यायची, पोट भरायचं आणि परत द्यायचं.” दादा वरकरणी मान डोलवत आणि चोरून खारीच्या पिल्लाला ‘राजे’ म्हणत. ते सिस्टरला माहीत होतं, पण मोठ्या भावाला किती बोलणार.

तर परवा शाळेत तिचं भाषण झालं. मुख्याध्यापक बाईंनी आग्रह केला म्हणून ती गेली. आयुष्यात कधी चार माणसांपुढे उभी राहिली नव्हती, पण बोलायला लागली आणि थांबेना. गटारात पडलेल्या इवल्याशा पिल्लाची गोष्ट सांगितली. ते कसं लोकरीत गुंडाळलं, कसं चिमट्यानं भरवलं, कसं एक दिवस खिडकीतून निघून गेलं. शेवटी हात वर करून म्हणाली, “पडलेलं पिल्लू दिसलं, तर पाठ फिरवून जाऊ नका!” मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला. सिस्टर तरंगतच घरी आली. जेवताना तिनं दादांना ते शेवटचं वाक्य तीनदा ऐकवलं, आणि तिसऱ्यांदा दादांनीही टाळी वाजवली.

त्या टाळ्या आज दारात येऊन उभ्या होत्या.

चूक तिचीच होती. वॉर्डात येणारं प्रत्येक बाळ नाजूक असतं, धडधाकट बाळ तिथं कुणी आणतच नाही. मागच्या खोलीचंही तसंच. इतकी वर्षं तिच्या हातात फक्त अडचणीतलीच पिल्लं आली. धडधाकट पिल्लंही घरट्यातून खाली येतात, दोन-तीन दिवस जमिनीवर उड्या मारत आईच्या डोळ्यांदेखत उडायला शिकतात, हे तिला ठाऊक होतं. पण सांगायचं मात्र सुचलं नाही. आणि हे दिवस नेमके त्याच शिकवणीचे. मुलांनी शिकवणीला निघालेली पिल्लं रस्त्यातूनच उचलून आणली होती.

“सिस्टर, आम्ही बरोबर केलं ना?” जुळ्यांतली एक म्हणायला लागली. दुसरीनं तेच वाक्य अर्ध्यावरून उचलून पुरं केलं.

कपाळाला हात लावावासा वाटला. पण समोर इतके चेहरे आशेनं बघत असताना कपाळाला हात कसा लावणार? “तुमचं मन बरोबर होतं,” ती म्हणाली. “चुकलं माझं. मी तुम्हाला अर्धंच सांगितलं.” मग उंबऱ्यातच बसून तिनं उरलेलं अर्धं सांगितलं. अंगावर पिसं नसतील, रक्त असेल, थंड पडलं असेल, तर आणायचं. पिसं असतील, उड्या मारत असेल, आरडाओरडा करत असेल, तर ते पडलेलं नाही, निघालेलं आहे. त्याला हात लावायचा नाही. मांजर असेल तर हाकलायचं आणि लांब उभं राहायचं.

“पण आता आम्ही हात लावला,” टोपीवाला रडवेला झाला. “आता त्याची आई त्याला घेणार नाही ना?”

“कुणी सांगितलं?”

“सगळे सांगतात.”

“सगळ्यांना काय होतंय सांगायला. आमच्या वॉर्डात एकेक बाळ दहा जणींच्या हातांतून जायचं. कुठली आई नको म्हणाली? वास बघत नाही आई. हाक ऐकते.” ती गुडघ्यावर हात देऊन उठली. “चला. आज सगळ्यांना घरी सोडायचं. तुझ्या पिशवीत काय आहे रे?”

चष्मेवाल्यानं पिशवी उघडली. आतून पिवळाधमक गोळा चिवचिवत बाहेर आला आणि थेट दादांच्या चपलेवर चढला.

“हे कोंबडीचं आहे,” सिस्टर म्हणाली.

“पण एकटं होतं.”

“कुठे?”

“दुकानात. बाकीची सगळी एकीकडे होती आणि हे एका कोपऱ्यात. मला बघवेना.”

दादांना हसू आवरेना. सिस्टरनं त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं, तर ते आणखीच हसायला लागले. तेवढ्यात फोन वाजला. मुख्याध्यापक बाई होत्या. “सिस्टर, तुम्ही मुलांना नेमकं काय सांगितलंत हो? आज सुट्टी, तरी आमच्या शिपायांच्या घरी सकाळपासून तीन मुलं येऊन गेली. एक तर सरडा ठेवून गेलाय. म्हणे, पडलेला होता.” सिस्टरनं माफी मागितली, सरड्याला कुंपणाशी सोडायला सांगितलं आणि सोमवारी परत येऊन उरलेलं अर्धं सांगते म्हणाली. बाई म्हणाल्या, “या. पण आधी मला ऐकवा.”

आता खोकेवाली उरली होती. सगळे पुढे सरकले तरी ती जागची हलली नव्हती.

“बघू गं तुझं.”

मुलीनं खोक्याचं झाकण बोटभर उघडलं. आत तिचा शाळेचा स्वेटर, आणि स्वेटरच्या बाहीत मूठभर राखाडी पिसांचा पुंजका. त्यातून दोन मोठे पिवळे डोळे सिस्टरकडे बघत होते. पिंगळ्याचं, म्हणजे छोट्या घुबडाचं पिल्लू. डोक्यावर अजून लव होती. पंख झाले होते, पण उडण्याजोगे नव्हते. सिस्टरनं ते उचललं, सवयीनं एकेक पंख उघडला, पाय ताणले, पोट चाचपलं. मोडतोड काही नव्हती. पोट मात्र खपाटीला गेलं होतं.

“कधी उचललंस?”

“काल.”

“खायला काय दिलंस?”

“दूध-बिस्कीट. खाल्लं नाही त्यानं.”

“खाल्लं नाही तेच बरं. कुठून उचललंस?”

मुलीनं रिकाम्या खोक्याचं झाकण लावून टाकलं.

“अगं, कुठून आणलंस ते सांग, म्हणजे परत ठेवता येईल. कालची रात्र याचे आईबाप शोधत फिरले असतील. आज रात्री पुन्हा शोधतील. उद्या शोधतील की नाही, सांगता येत नाही. त्यांना बाकीच्या पिल्लांचं बघावं लागतं. आजच्या आज परत गेलं पाहिजे हे.”

“मला माहीत नाही कुठून.”

“असं कसं माहीत नाही? झाडाखालून? भिंतीतून?” सिस्टरचा आवाज वॉर्डातला झाला. त्या आवाजाला शिकाऊ नर्सच काय, डॉक्टरही बिचकत. “आईपासून तोडून आणलंस आणि आता सांगत नाहीस?”

“त्याला आई नाहीये,” मुलगी म्हणाली.

आपण चुकीच्या जागी चुकीचा आवाज वापरला, हे सिस्टरला ताबडतोब कळलं. पण तोंडातून गेलेला शब्द कुठून परत आणणार? तिनं फ्रिजमधून किड्यांचा डबा काढला. त्या डब्यामुळे दादा फ्रिज उघडताना नेहमी छताकडे बघत. चिमट्यानं तिनं पिल्लाला दोन-चार किडे भरवले. पिल्लानं ते गटागट गिळले आणि डोळे मिटले. मुलगी बघत होती. तिला जरा बरं वाटल्यासारखं दिसलं.

मग सगळी वरात निघाली. पुढे सिस्टर, मागे मुलं, सगळ्यांत मागे खिशात कोंबडीचं पिल्लू घेतलेले दादा. दुकानदारानं ते हसत परत घेतलं आणि चष्मेवाल्याला म्हणाला, “रोज येऊन बघून जा हवं तर.” त्यानं ते फार गंभीरपणे कबूल केलं.

साळुंक्यांचं घर शाळेच्या मागच्या भिंतीत होतं. टोपी जमिनीवर ठेवून मुलगा दोन पावलं मागे आला न आला, तोच दोन मोठ्या साळुंक्या किंचाळत खाली आल्या आणि एकीनं त्याच्या उघड्या डोक्यावर सणसणीत टोच मारली. दुसरा एखादा रडला असता. हा डोकं चोळत आनंदानं ओरडला, “मला मारलं! सिस्टर, तिनं मला मारलं!” आणि दिवसभर भेटेल त्याला डोकं दाखवत सुटला. बुलबुलाच्या वेळी जुळ्यांना डबा पुरता उघडायचीही उसंत मिळाली नाही. आत पिल्लू चिवचिवलं, आणि कुंपणाच्या जाळीतून बुलबुलाची आई डब्याच्या कडेवरच येऊन बसली. जुळ्या एकमेकींचा हात घट्ट धरून श्वास रोखून उभ्या राहिल्या. सिस्टरनं त्यांच्याकडे बघितलं आणि आपलं भाषण अगदीच वाया गेलं नाही, असं तिला वाटलं.

परतताना त्यांच्यातल्या एकीनं सिस्टरच्या कानाशी लागून सांगितलं, “सिस्टर, ती खोकेवाली आहे ना, ती तिच्या आत्याकडे राहते. तिची आई लांब कामाला असते. सुट्टीत येते.”

“या सुट्टीत नाही आली,” दुसरी म्हणाली.

सिस्टरनं मुलांना एकेक करून घरी पाठवलं. शेवटी ती, दादा आणि खोकेवाली एवढेच उरले. ऊन कलायला लागलं होतं. तिघंही सिस्टरच्या घराच्या पायरीवर बसले, मध्ये खोका. सिस्टरला आतून घाई झाली होती. अंधार पडायच्या आत झाड सापडायला हवं होतं, आणि गावभर झाडं होती. पण घाई केली की नाजूक बाळ आणखी आक्रसतं, हे तिला वॉर्डानं शिकवलं होतं. ती पायरीवरच बसून राहिली. दादांनी खिशातून शेंगदाणे काढले, मुलीला दिले, आपण खाल्ले.

बऱ्याच वेळानं मुलगीच बोलली. “त्यांच्या सगळ्यांच्या आल्या.”

“हं.”

“लगेच आल्या. साळुंकीची आली, बुलबुलाची आली.” ती खोक्याकडे बघत होती. “याची नाही आली. मी काल सकाळपासून बसले होते झाडाखाली. जेवायला पण गेले नाही. आत्या ओरडली. दिवे लागायच्या आधी तिनं हाक मारली, तोपर्यंत बसले होते. कोणी नाही आलं. मग मी त्याला घरी आणलं.”

सिस्टरला आता कुठे सगळं उमगलं. एवढी चिमुरडी, दिवसभर उपाशी, झाडाखाली बसून दुसऱ्याच्या आईची वाट बघते. आणि नेमकी चुकीच्या वेळी.

“अगं पोरी,” ती म्हणाली, “ही माणसं रात्रपाळीची.”

“म्हणजे?”

“म्हणजे दिवसा झोपतात. तू बसलीस तेव्हा याची आई जवळच, ढोलीत नाहीतर पानांत, डोळे मिटून बसली असेल. दिवे लागले की तिचं काम सुरू होतं. तू गेलीस आणि ती आली असेल.”

मुलीनं खोक्यावरचा हात काढला. चेहऱ्यावर काहीतरी हललं. “मग आज येईल?”

सिस्टरच्या तोंडाशी ‘येईल की’ आलं होतं. दादांनी तर “येई—” एवढं म्हटलंसुद्धा. पण तिनं वॉर्डात कुठल्याच आईला कधी उगीच शब्द दिला नव्हता. बाळ वाचेल का, असं विचारलं की ती म्हणायची, आम्ही बघतोय. “मला माहीत नाही,” ती म्हणाली. “एक रात्र गेली आहे. बहुतेक येईल. नाही आली तर मी याला मागच्या खोलीत वाढवीन, पण आईसारखी शिकार काही मला शिकवता यायची नाही. आपण बसून बघू. एवढंच आपल्या हातात आहे.”

मुलगी पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत नीट बघत होती. तिला आजवर भेटलेली सगळी मोठी माणसं ‘येईल हं, लवकरच येईल’ म्हणणारी असावीत. ‘माहीत नाही’ म्हणणारं माणूस तिला बहुधा पहिल्यांदाच भेटत होतं.

“पाण्याच्या टाकीच्या मागे,” ती म्हणाली. “चिंचेच्या झाडाखाली.”

दादा तिच्या आत्याकडे जाऊन परवानगी घेऊन आले. आत्या शिवणाच्या कामातली निघाली, त्यामुळे दादांचं काम सोपं झालं. दिवे लागायच्या वेळेला ती आपण होऊन मुलीला न्यायला येणार होती.

चिंच जुनी होती. बुंध्यात उंचावर एक काळोखी ढोली होती. सिस्टरनं पिल्लाला खालून बुंध्यावर टेकवलं. त्याला उडता येत नसलं तरी चढता येत होतं. नखं रुतवत, चोचीनं साल धरत, पंख फडफडवत ते हातभर चढलं आणि धप्पकन खाली पडलं. मुलगी पुढे धावली. सिस्टरनं तिचा खांदा धरला. “थांब.” पुन्हा चढलं, पुन्हा पडलं. “सिस्टर, उचला ना!” “थांब जरा.” तिसऱ्यांदा ते एका खालच्या फांदीपर्यंत पोचलं आणि तिथं दम खात बसलं. सिस्टरनंही तेव्हाच श्वास सोडला. तिचा हात मुलीच्या खांद्यावर किती घट्ट रुतला होता, ते तिला मग कळलं.

तिघं लांब, टाकीच्या कट्ट्यावर जाऊन बसले. रस्त्यावरचे दिवे लागले. मुलं खेळून घरी गेली. कुणाच्या तरी घरातून भांड्यांचा आवाज आला. फांदीवरून पिल्लू मधूनच किरकिरत होतं. उत्तर येत नव्हतं. सिस्टरचे कान झाडाकडे लागले होते. आयुष्यात इतक्यांदा तिनं कुणाकुणाच्या आईची वाट बघितली होती. आजारी आया, गावाहून यायच्या आया, रागावून गेलेल्या आया. बाळाला हातात धरून दाराकडे बघत बसायचं, हेच तर तिचं काम होतं. तरी आज तिला फार भीती वाटत होती. ही आई आली नाही, तर या मुलीला काय सांगायचं, हे तिला ठाऊक नव्हतं.

आत्या आली. दादांनी ओठांवर बोट ठेवलं. ती बिचारी काही न विचारता कट्ट्याच्या टोकाला टेकली.

आणि मग झाडातून आवाज आला. चिर्रर्र, चिर्रर्र, घाईघाईनं, भांडल्यासारखा. पिल्लू फांदीवर ताठ झालं आणि जीव तोडून ओरडायला लागलं. एक सावली आली. तिच्यामागून दुसरी आली. पहिली थेट पिल्लाच्या शेजारी बसली आणि तिनं त्याच्या चोचीत काहीतरी कोंबलं.

“काय दिलं तिनं?” मुलगी कुजबुजली.

दिव्याच्या उजेडात सिस्टरनं डोळे बारीक करून पाहिलं. “झुरळ.”

“ई!”

“वाईट काय आहे त्यात,” दादा म्हणाले. “आमच्याकडे फ्रिजमध्ये याहून भयंकर असतं.”

मुलगी खुदकन हसली. दिवसभरात पहिल्यांदाच. सिस्टर हसली नाही, तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसतही नव्हती.

आई वरच्या फांदीवर गेली आणि तिनं हाक दिली. पिल्लू तिच्या दिशेनं सरकलं. अडखळत, पंख पसरत, एका फांदीवरून दुसरीवर. मुलगी कट्ट्यावरून उतरून दोन पावलं पुढे गेली. ती वाट बघत होती. पिल्लू पानांत शिरलं, दिसेनासं झालं. ती तरी बघतच राहिली.

“मागे बघितलं नाही त्यानं,” ती म्हणाली.

“नाही बघत पिल्लं.”

“कधीच नाही? इतकी वाढवलीत, कुणीच नाही?”

“कुणीच नाही. बघितलं असतं, तर मीच काहीतरी चुकले असं समजले असते.”

मुलीनं विचार केला. “माझी आई जाते ना, तेव्हा मागे बघते. गल्लीच्या टोकापर्यंत सारखी बघते. मी मग आत पळून जाते.” ती थांबली. “ते वाईट असतं का, आत पळून जाणं?”

सिस्टर उठली. गुडघा दुखत होता, तरी तिच्यापुढे खाली वाकली आणि तिच्या फ्रॉकची मुडपलेली कॉलर सरळ केली. “नाही गं राणी. मागे बघणं आईचं काम. ती बघते, म्हणून पिल्लाला पुढे बघता येतं. तू पळालीस तरी ती बघतच असते.”

मुलीनं एकदा झाडाकडे पाहिलं. मग आत्यानं हात पुढे केला तो धरला, आणि दोघी निघाल्या. चार पावलं गेल्यावर मुलीनं आत्याचा हात सोडला आणि ती धावायलाच लागली. दिव्यांच्या उजेडातून, अंधारातून, पुन्हा उजेडातून. आत्या मागून “अगं हळू, पडशील” म्हणत भराभर चालत होती.

सिस्टर तिथंच उभी राहिली. झाडाकडे तिची पाठ होती. टाकीपासून गल्लीच्या टोकापर्यंतचा सगळा रस्ता तिच्यासमोर होता आणि ती नजर हलवत नव्हती. दादांना लांबचं दिसत नसे. ते तिच्याशेजारी येऊन उभे राहिले.

“पोचली का गं?”

“कोपऱ्यावर आहे.”

“बघितलं का तिनं मागे?”

“नाही,” सिस्टर म्हणाली. “एकदाही नाही.” आणि पोर वळून दिसेनाशी झाली, तरी ती आणखी थोडा वेळ तशीच बघत उभी होती.